मराठवाड्यातल्या वर्गात ए1 जर्मन: बारा आठवड्यांची आखणी

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मन हा पुण्या-मुंबईपुरता विषय राहिला नाही. लातूर, नांदेड, बीड, परभणीच्या वर्गांत आता नर्सिंगच्या मुली, आयटीआयची मुलं, हॉटेलात काम करणारे असे सगळे एकाच बाकावर बसतात. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमातली, तरी जर्मन मात्र इंग्रजीतून शिकवली जाते. मुलगा आधी वाक्य इंग्रजीत करतो, मग जर्मनमध्ये, आणि चूक कुठल्या पायरीवर झाली हे त्यालाही कळत नाही नि शिकवणाऱ्यालाही. वर्ग मराठीतूनच चालवा. जर्मनमधल्या बऱ्याच गोष्टी मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा सोप्या जातात. काही ठिकाणी मराठी दगाही देते, पण ती ठिकाणं ठरलेली आहेत, म्हणून आधीच बांध घालता येतो.

ए1 म्हणजे भाषेच्या युरोपीय पातळ्यांतली पहिली पायरी. तिच्यासाठी 45 मिनिटांच्या 80 ते 200 तासिका लागतात असं ग्योटे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं माक्स म्युलर भवन, सांगतं. आपल्या वर्गासाठी 120 धरा: रोज दोन तासिका, आठवड्याला पाच दिवस, बारा आठवडे. ए1 परीक्षेची शब्दसूची साधारण 650 शब्दांची आहे, म्हणजे दिवसाला अकरा शब्द. अकरापेक्षा जास्त देऊ नका. वीस दिले की शुक्रवारपर्यंत सोमवारचे उडालेले असतात.

या लेखात जर्मन शब्द देवनागरीत दिले आहेत. मुलांच्या वहीत मात्र पहिल्या आठवड्यानंतर देवनागरी उच्चार लिहू देऊ नका. वहीत एकदा ‘इश’ (मी) लिहिलं की पोरगं आयुष्यभर शहामृगातला श म्हणतं.

पहिला आठवडा कानाचा

पहिल्या दिवशी फळ्यावर बाराखडी न लिहिता कंपन्यांची नावं लिहा. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडाचा कारखाना आहे, तो ज्या समूहाचा आहे त्याचं नाव सगळ्यांना पाठ असतं. आपण ‘व्होक्सवॅगन’ म्हणतो, जर्मन माणूस ‘फोल्क्सवागन’ म्हणतो. एवढ्या एका नावात दोन नियम येतात: व्ही म्हणजे फ, डब्ल्यू म्हणजे व. बीएमडब्ल्यू होतं ‘बे-एम-वे’, सीमेन्सचा पहिला स होतो झ. मुलं रोज वाचतात तेच शब्द असल्याने नियम शिकवावा लागत नाही, तो सापडतो.

त्यानंतर खरा त्रास सुरू होतो तो झेड या अक्षराचा. जर्मनमध्ये त्याचा उच्चार ‘त्स’. मराठीत हा आवाज आहेच: चाक, चूल, चोर, चांगला यांतला च. (चार आणि चहातला नाही, तो वेगळा.) गोची अशी की मराठीत च पुढे ए किंवा ई आली की तो आपोआप ‘चेहरा’, ‘चिंच’मधला होतो. म्हणून ‘चाक’ बिनचूक म्हणणारा मुलगा दहाला ‘त्सेन’ऐवजी ‘चेन’ म्हणतो. उपाय जिभेचा आहे. ‘चाक’ म्हणायला सुरुवात करा, जीभ दातामागे टेकली की तिथेच थांबवा आणि ‘आ’च्या जागी ‘ए’ सोडा. रोज पाच मिनिटं त्सा, त्सो, त्सू, त्से, त्सी याच क्रमाने घ्या, सोप्याकडून अवघडाकडे. एसचंही तेच. स्वरापूर्वीचा एस म्हणजे ‘बाजार’मधला ज. पण ‘झी’ (तुम्ही) म्हणताना मुलं एकतर ‘जीभ’मधला ज काढतात किंवा सरळ ‘सी’ म्हणतात. इथेही बाजारचा ‘जा’ धरूनच ईकडे जा.

सीएच या जोडाक्षराचे दोन आवाज. आ, ओ, ऊ नंतर तो घशातून येतो, ‘बुख’, ‘नाख्ट’. मराठवाड्यात हा शिकवायला फार सोपा, कारण वर्गात घरी उर्दू बोलणारी दोन-चार मुलं हमखास असतात. त्यांना ‘खबर’, ‘खत’ म्हणायला सांगा, बाकीच्यांनी ऐकून उचलायचं. ए, ई नंतरचा मात्र उर्दूतही नाही. ‘ह’ला ‘ई’च्या जागी ढकलायचं: ‘हिरवा’ शब्दातला ‘हि’ कुजबुजत, ताणून म्हणा, गळ्यातून आवाज काढू नका. ‘इश’चा शेवट तोच.

यूवर दोन टिंबं आली की ओठ ‘ऊ’चे ठेवून तोंडात ‘ई’ म्हणायचं. ओवर टिंबं आली की ओठ ‘ओ’चे, आत ‘ए’. मोबाइलचा कॅमेरा आरशासारखा धरायला लावा. स्वर म्हणताना ओठ पसरले की चुकलं, एवढी खूण पुरते. टी आणि डीसाठी जीभ आपल्या त-दसारखी दाताला टेकवू नका आणि ट-डसारखी वळवूही नका, हिरडीला लावा. शब्दाच्या शेवटी बी, डी, जी आले की ते प, ट, क होतात: कुत्रा ‘हुंट’, दिवस ‘टाक’.

अक्षरांची नावं पाठ नाहीत म्हणून परीक्षेत गुण जातात, तेव्हा स्वतःचं आडनाव रोज उच्चारून घ्या. जाधव म्हणजे योट-आ-डे-हा-आ-फाउ. वाघमारे म्हणजे वे-आ-गे-हा-एम-आ-एर-ए. इंग्रजी सवयीने गोंधळ तीन अक्षरांत होतो: इंग्रजीतला ‘ए’ इथे ‘आ’, इंग्रजीतला ‘ई’ इथे ‘ए’, आणि ‘आय’ इथे ‘ई’. फोनवर कुणी ‘ए’ सांगितलं की मुलं हमखास चुकीचं अक्षर लिहितात.

आकडे मराठीतूनच

इंग्रजीतून शिकणाऱ्याला जर्मन आकडे उलटे वाटतात, मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. आपणही पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो, वीस नंतर. जर्मन ‘फ्युन्फउंटत्स्वान्त्सिश’ अगदी तसंच चालतं, मधला ‘उंट’ म्हणजे ‘आणि’. मुलांना सांगा, इंग्रजी आकडा मनात आणूच नका, सरळ मराठी आकडा म्हणा आणि त्याच क्रमाने बोला.

चुका होतात त्या एकोणच्या आकड्यांत. एकोणतीस ऐकलं की डोक्यात तीस उभे राहतात, जर्मन मात्र नऊ-आणि-वीस म्हणतो. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस ते एकोणऐंशी यांचा वेगळा सराव घ्या, बाकीचे आपोआप येतात. दुसरी अडचण ऐकण्यात: तेरा ‘द्रायत्सेन’ आणि तीस ‘द्रायसिश’, चौदा ‘फिर्त्सेन’ आणि चाळीस ‘फिर्त्सिश’. शेवट कान देऊन ऐकायचा, सुरुवात फसवते.

ऐकून लिहायची एक युक्ती शिकवा. जर्मन लोक फोन नंबर बऱ्याचदा जोडीने सांगतात. ‘द्रायउंटफ्युन्फत्सिश’ ऐकताना मुलगा ऐकेल त्या क्रमाने 35 लिहितो, पाहिजे असतात 53. डावीकडे एका अंकाची जागा सोडून आधी 3 लिहायचा, मग सोडलेल्या जागेत 5. आठवडाभर रोज दहा नंबर असे लिहून घेतले की हात सरावतो.

वेळेत सव्वा आणि पावणे जसेच्या तसे जमतात: सव्वातीन ‘फिर्टल नाख द्राय’, पावणेतीन ‘फिर्टल फोर द्राय’. साडे मात्र नाही. ‘हाल्प द्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. ऐकलेल्या तासातून अर्धा तास वजा करायचा. स्टेशनवर, दवाखान्यात आणि नोकरीच्या पाळीपत्रकात चोवीस तासांचं घड्याळ असतं, म्हणून 14:30 ‘फिर्त्सेन उर द्रायसिश’ हेही यायलाच हवं. हाताने लिहिलेला अंक ओळखायलाही शिकवा: जर्मन 1 ला वर लांब शेपूट असते, तो आपल्याला 7 वाटतो. त्यांच्या 7 च्या पोटात आडवी रेघ असते.

तो, ती, ते

डेर, डी, डास ही नामाआधीची तीन उपपदं म्हटली की इंग्रजी माध्यमाची मुलं हवालदिल होतात. मराठी मुलांना तीन लिंगांची सवय जन्मापासून असते, त्यामुळे ‘वस्तूला लिंग कसं काय’ हा प्रश्नच येत नाही. पण इथे एक सापळा आहे: लिंगं तीन असली तरी वाटणी वेगळी. खुर्ची आपली ती, जर्मनचा तो, ‘डेर श्टूल’. दार आपलं ते, जर्मनची ती, ‘डी ट्यूर’. खिडकी ती, पण ‘डास फेन्स्टर’. सूर्य तो, पण ‘डी झोने’. पुस्तक मात्र दोन्हीकडे ते, ‘डास बुख’. मराठीवरून अंदाज करणाऱ्याचे काही शब्द बरोबर येतात, म्हणून त्याला वाटतं जमतंय, आणि ही सवय मोडायला फार वेळ जातो.

म्हणून नाम कधीही एकटं लिहायचं नाही. उपपद, नाम आणि अनेकवचन, तिन्ही एका ओळीत. डेर निळ्या पेनने, डी लाल, डास हिरव्या. वर्गातल्या वस्तूंना तशाच रंगाच्या चिठ्ठ्या चिकटवा, दाराला, खिडकीला, फळ्याला, पंख्याला. काही शेवट पक्के आहेत: -उंग, -हाइट, -काइट असले की डी, -शेन असलं की डास, म्हणूनच मुलगी ‘डास मेडशेन’. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दाचं. पाणी ते, पुरवठा तो, म्हणून पाणीपुरवठा तो. अगदी तसंच ‘डास वासर’ आणि ‘डी फ्लाशे’ मिळून पाण्याची बाटली ‘डी वासरफ्लाशे’.

क्रियापदाची खुर्ची

मराठीत क्रियापद शेवटी, जर्मनमध्ये साध्या वाक्यात दुसऱ्या जागी. नियम सांगायला एक ओळ लागते, अंगात मुरायला महिना. फळ्यावर समजावून उपयोग नाही, हे उभं राहून करावं लागतं.

वर्गासमोर चार खुर्च्या मांडा. चार मुलांच्या हातात मोठ्या अक्षरांतले पुठ्ठे द्या: ‘इश’, ‘वोने’, ‘येट्स्ट’, ‘इन नांदेड’. दुसऱ्या खुर्चीला दोरी बांधा, तिच्यावर फक्त क्रियापदवाला बसणार आणि तो हलणार नाही. पहिलं वाक्य: इश वोने येट्स्ट इन नांदेड, मी आता नांदेडला राहतो. आता ‘येट्स्ट’वाल्याला पहिल्या खुर्चीवर बोलवा. ‘इश’ उठतो, पण जायचं कुठे हे त्याला कळत नाही, आणि नेमकं हेच वर्गाला दिसायला हवं. दुसरी खुर्ची भरलेली आहे, म्हणून तो तिसरीवर जातो: येट्स्ट वोने इश इन नांदेड. मग ‘इन नांदेड’ पहिला: इन नांदेड वोने इश येट्स्ट. मुलं ‘हॉयटे इश गेहे’ (आज मी जातो) म्हणतात ते इंग्रजीच्या सवयीने. खुर्ची आठवली की स्वतःच थांबतात. प्रश्न करताना क्रियापद पहिल्या खुर्चीवर. आपल्या ‘का’सारखं शेवटी काही जोडायचं नसतं.

‘क्योनेन’ (शकणे), ‘म्योश्टे’ (हवं असणे), ‘म्युसेन’ (करावं लागणे) ही साहाय्यकं आली की पाचवी खुर्ची लावा. साहाय्यक दुसऱ्या जागी, मूळ क्रियापद सगळ्यात शेवटी: इश कान डॉइच श्प्रेशेन, मी जर्मन बोलू शकतो. इथे मराठी मुलाला हायसं वाटतं, कारण शेवटचं क्रियापद त्याच्या ओळखीचं. तुटणारी क्रियापदंही याच खुर्चीवर दाखवा: ‘आउफश्टेहेन’ (उठणे) यातला ‘आउफ’ तुटून टोकाला जातो, इश श्टेहे उम झेक्स उर आउफ, मी सहाला उठतो. हा तुकडा विसरणं ही लेखी परीक्षेतली सर्रास दिसणारी चूक आहे.

मराठीचं वाक्य तसंच उचललं की बिघडतं अशा जागा आणखी दोन. ‘मला एक भाऊ आहे’ हे जर्मनमध्ये ‘मी एक भाऊ बाळगतो’ अशा धाटणीने म्हणतात: इश हाबे आयनेन ब्रूडर. भूकही तशीच, इश हाबे हुंगर. आणि कर्म पुल्लिंगी असलं की आयन चं आयनेन, डेर चं डेन. मराठीत ‘मी चहा पितो’ म्हणताना चहाला काही लागत नाही, त्यामुळे हे ‘एन’ सुटतं. डी आणि डास बदलत नाहीत, म्हणून सराव फक्त डेरवाल्या नामांचा घ्या, पूर्ण तक्ता पाठ करायला लावू नका. व्यवसाय सांगताना उपपद लागत नाही: माइन फाटर इस्ट बाउअर, वडील शेतकरी आहेत. हे वाक्य निम्म्या वर्गाला लागतं, पुस्तकातला ‘इंजिनिअर’ नंतर.

तू, तुम्ही आणि बाकी रिवाज

‘डू’ आणि ‘झी’ म्हणजे तू आणि तुम्ही, हे शिकवायला दोन मिनिटं. पण वापर वेगळा. आपल्याकडे वडिलांना बऱ्याच घरांत अहो-जाहो, जर्मन घरात आजोबांनाही डू. उलट दुकानातल्या पंचवीस वर्षांच्या अनोळखी मुलाला झी. नातं आणि ओळख बघायची, वय नाही. ‘सर’, ‘मॅडम’ असं नुसतं चालत नाही. ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’ आणि पुढे आडनाव. ‘गुटे नाख्ट’ फक्त झोपायला जाताना, संध्याकाळी भेटल्यावर ‘गुटेन आबेंट’.

संस्कृतीचा तास वेगळा ठेवू नका, भाषेच्या कामातच घाला. आठव्या आठवड्यात वर्गात आठवडी बाजार भरवा. जर्मन गावांतही ‘वोखेनमार्क्ट’ भरतो. टोमॅटो, कांदे, बटाटे, केळी खरी आणा, भावाच्या पाट्या युरोत लिहा: 2,50, मध्ये स्वल्पविराम, वाचायचं ‘त्स्वाय ऑयरो फ्युन्फत्सिश’. ‘वास कोस्टेट आयन किलो टोमाटेन?’ विचारायचं. ‘पफुंट’ म्हणजे अर्धा किलो हेही इथेच येतं. घासाघीस करायची नाही. गिऱ्हाइकाने ‘बिटे’ (कृपया) आणि ‘डांके’ (धन्यवाद) विसरलं तर विक्रेत्याने माल द्यायचा नाही. पाणी विकणाऱ्याने एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट ठेव घ्यायची, रिकामी आणली की परत द्यायची. ही ‘फांट’ची पद्धत वाचून कळत नाही, पैसे परत मिळाले की कळते. बाजार उठल्यावर कचरा वेगळा करा: कागद निळ्या डब्यात, वेष्टनं पिवळ्यात, सालं तपकिरीत, उरलेलं काळ्यात. डब्यांचे रंग गावोगाव थोडे बदलतात, पण वेगळं करण्यातून सुटका नाही.

दुसरा चांगला प्रयोग वेरूळचा. एक मुलगा जर्मन पर्यटक, दुसरा गाइड. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, म्हणजे ‘मोन्टाक्स गेश्लोसन’ आणि ‘डीन्स्टाक्स गेश्लोसन’. अशाच पाट्या वाचनाच्या परीक्षेत येतात. तारखांसाठी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 17 सप्टेंबर, आणि जर्मन एकीकरणाचा दिवस, 3 ऑक्टोबर, शेजारी ठेवा.

वाढदिवसाचं एक बजावून सांगा. आपल्याकडे आगाऊ शुभेच्छांचे मेसेज आदल्या रात्रीपासून पडतात. जर्मन माणूस वाढदिवसाआधीची शुभेच्छा अपशकुनी मानतो. आणि कामाच्या ठिकाणी केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा.

परीक्षेची तयारी

शेवटचे दोन आठवडे परीक्षेचे. ‘श्टार्ट डॉइच 1’ या ए1 परीक्षेत ऐकणं 20 मिनिटं, वाचन 25, लेखन 20 आणि गटात बोलणं सुमारे 15 मिनिटं. प्रत्येक भागाला 15 गुण, बेरजेला 1.66 ने गुणून पूर्णांकात 100, उत्तीर्ण व्हायला 60. ऐकण्याचा मधला भाग एकदाच वाजतो, बाकी दोनदा, म्हणून सरावातही मधला भाग एकदाच लावा, मुलांनी कितीही विनवलं तरी. वीज जाते हे गृहीत धरून फायली मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि छोटा स्पीकर चार्ज करा. मोबाइलचा स्वतःचा आवाज चाळीस जणांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही.

लेखनात पाच रकाने भरायचे आणि सुमारे 30 शब्दांचं पत्र लिहायचं. पत्रात तीन मुद्दे दिलेले असतात. प्रत्येकाला एक-दोन वाक्यं, वर संबोधन, खाली समारोपाचं ‘फीले ग्र्यूसे’. सुंदर लिहिलेल्या दोन मुद्द्यांपेक्षा साधे तीन मुद्दे जास्त गुण देतात.

नर्सिंगच्या मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की ए1 ने नोकरी लागत नाही. परिचारिका म्हणून मान्यतेसाठी साधारणपणे बी2 लागतं, म्हणजे अजून तीन पायऱ्या. तीन महिन्यांत जर्मनीला पाठवतो म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देण्याआधी त्याच्याकडे पातळी लिहून मागा.

बोलण्याच्या परीक्षेत ओळख सात मुद्द्यांची: नाव, वय, देश, राहण्याचं ठिकाण, भाषा, काम किंवा शिक्षण, छंद. ती पाठ असतेच, पण धडाधड म्हटली की परीक्षक मध्येच आडनावाचं स्पेलिंग किंवा फोन नंबर विचारतो आणि मुलगा कोलमडतो. म्हणून सरावात चौथ्या वाक्यालाच अडवा. नंतर कार्डावरचा शब्द बघून सोबत्याला प्रश्न विचारायचा आणि चित्र बघून विनंती करायची. इथे विनंतीला उत्तर देणंही मोजलं जातं, नुसतं मान डोलावून चालत नाही. प्रश्न कळला नाही तर गप्प बसण्यापेक्षा ‘क्योनेन झी डास बिटे वीडरहोलेन?’ (कृपया पुन्हा सांगाल का?) म्हणायचं. हे वाक्य पहिल्या आठवड्यातच फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि बारा आठवडे पुसू नका.